कोकणातला मे अखेरचा पाऊस आणि हवामान : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अक्षय्य तृतीया झाली की आमच्या घरचा फोन हवामान खात्याचा होतो. मुंबईचे चाकरमानी विचारतात, लग्न २४ मेला आहे, मांडवावर पत्रे घालायचे की नुसते कापड चालेल? आंबा नेणारा विचारतो, उरलेला माल उद्या काढताय की परवा? शेजारच्या काकू खळ्यातूनच हाक मारतात, सोलां (आमसुलं) अजून ओली आहेत, दोन दिवस ऊन मिळेल ना? मी काही शास्त्रज्ञ नाही. रत्नागिरी जिल्ह्यात समुद्रापासून चारेक किलोमीटरवर आमची बाग आहे आणि बुलेटिन वाचण्याची, वारा बघण्याची जुनी सवय आहे. त्याच त्याच प्रश्नांची उत्तरे दरवर्षी फोनवर देण्यापेक्षा एकदा लिहून ठेवतो.

मेच्या उत्तरार्धात कोकणातले हवामान साधारण कसे असते?

आकडे पाहिले तर अगदी सौम्य. किनाऱ्यावर कमाल तापमान ३३-३४ अंश, रात्री २६-२७. विदर्भ पंचेचाळिशीला टेकलेला असतो तेव्हा हे वाचून नागपूरचा माणूस हसेल. पण इथे हवेत ओल एवढी असते की धुतलेला पंचा संध्याकाळपर्यंत दमटच राहतो.

आकड्यांपेक्षा दिवसाचा क्रम लक्षात घ्या. सकाळी झाडाचे पान हलत नाही. दहा-अकराच्या पुढे खारे वारे सुटतात आणि दुपारभर समुद्राकडून वाहतात. तीन-चारच्या सुमारास पूर्वेला, सह्याद्रीच्या माथ्यावर, कापसाच्या ढिगासारखे ढग चढू लागतात. रात्री वारा उलटतो आणि जमिनीवरून मतलई वाहू लागते. दिवसा समुद्राची पाळी, रात्री जमिनीची. ही पाळी चालू आहे तोवर उन्हाळा चालू आहे, मग मध्ये दोन सरी का पडून जाईनात. खाली अनेक उत्तरांत मी या पाळीकडेच परत येणार आहे.

तापमान ३४ आणि जीव मेटाकुटीला, असे का?

घाम येऊन उपयोग नसतो, तो वाळावा लागतो. हवा आधीच बाष्पाने भरलेली असेल तर घाम अंगावरच राहतो आणि शरीर थंड होत नाही. म्हणून कोकणासाठी खात्याच्या इशाऱ्यात ‘उष्ण व दमट हवामान’ असे शब्द येतात. ते वाचून सोडून देऊ नका, विशेषतः घरात म्हातारी माणसे असतील तर.

उष्णतेच्या लाटेचे निकषही किनाऱ्याला वेगळे आहेत. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० असावे लागते, किनाऱ्यावर ३७ पुरतात, मात्र ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त हवेत. गंमत अशी की किनाऱ्यावरचा खरा भाजणारा उन्हाळा मेमध्ये नसतोच. सांताक्रूझचा ४२.२ अंशांचा विक्रम १४ एप्रिल १९५२ चा आहे. मार्च-एप्रिलमध्ये कधी कधी पूर्वेचा कोरडा वारा जोर धरतो, खारे वारे उशिरा सुटतात आणि पारा चढतो. मेमध्ये समुद्र सहसा वेळेवर हजर असतो.

आतल्या पट्ट्याचे मात्र हाल होतात. खेड, चिपळूण, कर्जत या बाजूला खारा वारा पोहोचेपर्यंत दुपार उलटते. तिथल्या माणसाने रत्नागिरी शहराचे तापमान बघून कामाला निघू नये. बागेतली कामे सकाळी दहाच्या आत उरकायची, दुपारी मीठ घालून पेज आणि कोकम सरबत, यापेक्षा चांगला उपाय मला अजून कोणी सांगितलेला नाही.

काल संध्याकाळी जोरदार पाऊस झाला. हा मान्सून का?

सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न. माझा उलट प्रश्न ठरलेला असतो: कुठल्या बाजूने आला?

वळीव घाटावरून येतो. दिवसभर तापलेल्या जमिनीवरची हवा वर चढते, समुद्रावरून आलेले बाष्प तिला मिळते, सह्याद्रीवर ढग उभा राहतो आणि संध्याकाळी तो गडगडत किनाऱ्याकडे सरकतो. आधी मातीचा वास, मग गार वाऱ्याचा झोत, मग टपोरे थेंब. विजा भरपूर. तास-दीड तासात खेळ आटोपतो, रात्री चांदणे पडते आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट उकडते. पलीकडच्या वाडीत पागोळ्या वाहतात आणि आपल्या अंगणात धूळ तशीच, हेही वळवाचेच लक्षण.

मान्सून समुद्रावरून येतो. पश्चिमेचे, नैऋत्येचे आभाळ सरसकट करडे होते. त्या ढगाला वेगळी कड दिसत नाही. पाऊस दुपार-संध्याकाळ बघत नाही, पहाटे तीनलाही कोसळतो. विजा कमी. आणि सगळ्यात पक्की खूण वाऱ्याची. वर सांगितलेली पाळी मोडते. रात्रीही वारा समुद्राकडूनच येत राहतो, मतलई बंद पडते. दोन-तीन रात्री सलग असे झाले की मी आईला सांगतो, लाकडे आत घे.

मधल्या दिवसांत दोन्हींची भेसळ होते हे खरे. समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र झाले तर मान्सून नसतानाही पश्चिमेकडून दोन दिवस संततधार लागते आणि मग आठवडाभर कडक ऊन. अशा पावसाने भलेभले फसतात.

मग मान्सून कोकणात नेमका कधी येतो?

केरळात १ जून आणि मुंबईत ११ जून या सध्याच्या सर्वसाधारण तारखा. मुंबईची तारीख आधी १० जून होती, २०२० मध्ये ती बदलली. दक्षिण कोकण या दोन्हींच्या मध्ये, म्हणजे सिंधुदुर्गात मुंबईच्या आधी काही दिवस.

पण तारीख सरासरीची आहे. २०२३ मध्ये मान्सून केरळात ८ जूनला पोहोचला, ११ जूनला रत्नागिरीपर्यंत आला आणि तिथेच बसला. अरबी समुद्रात बिपरजॉय वादळ होते, ते बाष्प ओढून घेत होते. आम्ही रोज आभाळाकडे बघायचो. मुंबईत तो २५ जूनला पोहोचला, आणि त्याच दिवशी दिल्लीतही! पुढे २०२५ मध्ये नेमके उलटे. केरळात २४ मे, मुंबईत २६ मे. मुंबईतली ही आजवरची सर्वांत लवकरची नोंद, आधीचा विक्रम २९ मे १९५६ चा होता. दोन वर्षांच्या अंतराने त्याच शहरात पुरा एक महिन्याचा फरक. आता सांगा, लग्नाची तारीख सहा महिने आधी कोणी कशाच्या भरवशावर धरायची?

केरळात आला म्हणजे दहा दिवसांत इथे, हा हिशोब बरोबर आहे का?

ढोबळ आहे. वाटेत तो थांबतो, कधी धावतो. २०२५ मध्ये दोन दिवसांत मुंबई गाठणारा मान्सून नंतर जूनच्या मध्यापर्यंत पुढे सरकलाच नाही.

केरळातले आगमन ही तरी मोजून ठरवलेली गोष्ट आहे. मिनिकॉयपासून मंगळुरूपर्यंत १४ केंद्रे ठरलेली आहेत. १० मेनंतर त्यांपैकी ६० टक्के केंद्रांवर सलग दोन दिवस किमान अडीच मिलिमीटर पाऊस पडला, शिवाय पश्चिमी वाऱ्यांची उंची-जोर आणि ढगांची स्थिती जुळली, की घोषणा होते. पुढच्या प्रवासात खाते पाऊस, वारा आणि ढग पाहून नकाशावर मान्सूनची उत्तर सीमा पुढे सरकवते. बातमीतल्या ‘मान्सून आला’पेक्षा ती रेषा बघणे मला जास्त आवडते. ती आपल्या गावाच्या दक्षिणेला आहे की उत्तरेला, एवढेच पाहायचे.

बुलेटिनमधले ‘तुरळक ठिकाणी’, ‘काही ठिकाणी’ म्हणजे काय?

हे शब्द उगाच वापरलेले नसतात. ‘तुरळक’ म्हणजे त्या भागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी फार तर चौथा हिस्सा. ‘काही ठिकाणी’ म्हणजे निम्म्यापर्यंत, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे पाऊणपर्यंत, त्यापुढे जवळपास सगळीकडे. मेमध्ये बहुतेक वेळा ‘तुरळक’च असते. म्हणजे तुमच्याकडे न पडण्याचीच शक्यता जास्त, पण पडला तर अंदाज चुकला असे नाही. आमच्या गावात दोन्हींबद्दल खात्याला शिव्या बसतात.

प्रमाणाचेही आकडे ठरलेले आहेत. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून मुसळधार, ११५.६ पासून अतिमुसळधार, २०४.४ च्या वर अत्यंत मुसळधार. मोजणी सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ. त्यामुळे सोमवारी रात्री धो धो पडलेला पाऊस मंगळवारच्या नावावर लागतो आणि ‘पेपरात चुकीचे छापलेय’ असा वाद चहाच्या टपरीवर रंगतो.

यलो, ऑरेंज, रेड अलर्ट आला की काय करायचे?

यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे आता हालचाल करा. रंग जिल्ह्याला दिलेला असतो, तुमच्या वाडीला नव्हे. आणि कोकणातला जिल्हा म्हणजे एका टोकाला समुद्र, दुसऱ्या टोकाला घाट. मेमध्ये मेघगर्जनेचा यलो असेल तर पहिला फटका संगमेश्वर, लांजा, वैभववाडी अशा घाटाखालच्या तालुक्यांना बसण्याचा संभव जास्त, मालगुंडच्या किनाऱ्यावर नुसता गडगडाट ऐकू येईल. उलट समुद्रातल्या कमी दाबाचा ऑरेंज असेल तर किनारा आधी. इशाऱ्याचा रंग पाहिला की त्याखालची ओळही वाचा, इशारा कशामुळे आहे ते तिथे लिहिलेले असते.

फोनवरच्या अ‍ॅपमध्ये पाऊस दाखवतात, पडत नाही. का?

परदेशी अ‍ॅप जगाच्या नकाशाचे चौकोन पाडून अंदाज काढतात. सह्याद्री आणि समुद्र यांच्यातला आपला पट्टा पुष्कळ ठिकाणी पन्नास-साठ किलोमीटरच रुंद. एका मोठ्या चौकोनात किनारा आणि घाटपायथा दोन्ही मावले की सरासरी निघते, आणि ती कोणाच्याच उपयोगाची नसते. भारतात २०२५ च्या मेमध्ये ६ किलोमीटरच्या चौकोनांवर चालणारी नवी प्रणाली सुरू झाली, आधी १२ किलोमीटरची होती. तरी वळवाचा एकेक ढग याहूनही लहान असू शकतो.

माझी पद्धत सांगतो. चार-पाच दिवसांपुढचा रोजचा अंदाज बघत नाही, त्याऐवजी खाते दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा कल देते तो बघतो. तीन दिवसांच्या आतले नियोजन जिल्हा बुलेटिनवर करतो. आणि त्याच दिवसाचे, पुढच्या दोन-तीन तासांचे, रडार आणि विजांचा इशारा देणाऱ्या ‘दामिनी’ अ‍ॅपवर. रडारची एक अडचण मात्र लक्षात ठेवा. आपल्या दोन्ही बाजूंची रडार मुंबई आणि गोव्यात आहेत. लांब जाईल तसा रडारचा किरण जमिनीपासून उंच जातो, त्यामुळे मधल्या रत्नागिरी पट्ट्यात ढगाचा वरचा भाग दिसतो, खालची सर निसटू शकते.

शेतीसाठी मंगळवारी आणि शुक्रवारी येणारी कृषी हवामान सल्ला पत्रिका वाचा. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची माणसे ती आपल्या पिकांना धरून लिहितात.

विजा कडाडत असताना आंबा काढत राहिले तर?

खाली उतरा. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा, तीनने भागा, तेवढे किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर काम बंद, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचे. पूर्वी घळ, म्हणजे आंबा काढायची काठी, बांबूची असायची, आता हलकी म्हणून अ‍ॅल्युमिनियमच्या काठ्या आल्यात, हे डोक्यात ठेवा. माडाखाली उभे राहू नका. मांगर (बागेतली खोप) बंदिस्त नसेल, नुसते चार खांब आणि पत्रे असतील, तर तोही आसरा नव्हे. दर मेमध्ये या विषयावर मी गड्यांशी भांडतो आणि दर मेमध्ये कोणीतरी म्हणतो, ‘अजून लांब आसा.’

आपल्याकडे वादळे येतात का? आधी तर ऐकायला येत नव्हती.

येत होती, पण बहुतेक वेळा लांबून जात. अरबी समुद्रात वादळांचे दोन मोसम: मान्सूनच्या आधीचा मे-जून आणि नंतरचा ऑक्टोबर-नोव्हेंबर. मेमध्ये समुद्राचे पाणी ३० अंशांच्या आसपास असते. वादळाला साडेसव्वीसही पुरतात. तयार झालेली वादळे पुष्कळदा ओमानकडे किंवा वळून गुजरातकडे जातात, आपल्याला वाटेतला वारा-पाऊस मिळतो. २०२१ मध्ये ‘तौक्ते’चे तसेच झाले. म्यानमारने दिलेल्या या नावाचा अर्थ पाल. ही पाल किनाऱ्याला समांतर सरकत १७ मेच्या रात्री गुजरातवर चढली, आमच्या किनाऱ्यावर आलीच नाही. तरी १६ तारखेला आमच्या बागेत सकाळी झाडाखाली पाय ठेवायला जागा नव्हती. सगळा आंबा जमिनीवर.

‘निसर्ग’ मात्र आले. ३ जून २०२० ला दुपारी अलिबागच्या दक्षिणेला ते जमिनीवर चढले, ताशी ११०-१२० किलोमीटरचा वारा घेऊन. श्रीवर्धन, मुरुड, दापोली, मंडणगडच्या वाड्या भुईसपाट झाल्या. आंब्याचा मोसम गेला तर पुढच्या वर्षी परत येतो. पोफळ पडली तर नवी लावून सुपारी हातात यायला सहा-सात वर्षे. दापोलीकडच्या आमच्या पाहुण्यांकडे गेले की अजूनही बोलणे त्या दुपारवर येते.

वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरच्या पुढे गेला की प्रणालीला चक्रीवादळ म्हणतात आणि मग नाव मिळते. पण नाव नसलेल्यांनाही हलके घेऊ नका. २४ मे २०२५ ला रत्नागिरी आणि दापोलीच्या दरम्यान किनारा ओलांडणारे डिप्रेशन, म्हणजे चक्रीवादळाहून कमी जोराची प्रणाली, बिननावाचेच होते, पाऊस मात्र मान्सूनला लाजवील असा.

बावटा लागला म्हणजे काय? मासेमारी कधी बंद होते?

बंदरावर लावलेला धोक्याचा इशारा म्हणजे बावटा. तिसऱ्या क्रमांकाचा लागला की आसपास जोराचा वारा-पाऊस होऊ शकतो, होड्यांनी बाहेर पडू नये. अशा वेळी देवगड, जयगडसारख्या आडोशाच्या खाड्यांत परराज्यांतल्या नौकाही आसरा घ्यायला येतात. आपल्या गावचे बंदर एकाएकी दिव्यांनी भरले तर समजा, बाहेर काहीतरी शिजतेय.

यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै बंदी. प्रत्यक्षात मेच्या तिसऱ्या आठवड्यापासूनच हर्णे, मिरकरवाडा, मालवणला नौका वर ओढायला, शाकारायला सुरुवात होते. शेवटच्या दोन आठवड्यांत चार दिवस बावटा राहिला तर मोसमाचा शेवटचा धंदाच बुडतो, म्हणून काही जण इशारा असूनही जातात. त्यांना उपदेश करण्याइतका मी मोठा नाही. पण हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा लाटांचा अंदाज फोनवर फुकट मिळतो, तो बघून जा एवढे सांगतो.

आकाश निरभ्र, वारा नाही, तरी समुद्र अंगावर येतो. हे कसे?

या लाटा इथल्या नसतात. हजारो किलोमीटर दक्षिणेला, अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रात उठलेल्या लाटा एप्रिल-मेमध्ये कधी कधी आपल्या किनाऱ्यापर्यंत पोहोचतात. केरळात त्यांना ‘कल्लक्कडल’ म्हणतात, म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र. उधाणाच्या भरतीशी गाठ पडली तर पाणी वाळूवरच्या टपऱ्यांपर्यंत येते. इन्कॉइस याचाही इशारा देते, त्यामुळे ‘वादळ नाही ना, मग कशाला घाबरायचे’ हे बोलणे चुकीचे.

भरतीची वेळ पाहुण्यांना काढता येत नाही. जुना हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास पूर्ण भरती. ठिकाणाप्रमाणे तासाभराचा फरक धरा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सगळ्यात कमी चढणारी भरती. गणपतीपुळ्यासारख्या किनाऱ्यावर भांगाच्या दिवशीही पोहायला उतरू नका, तिथे ओढ वेगळीच आहे.

उरलेला आंबा पावसाच्या आधी काढावा का?

तयार असेल तर हो, कोवळा असेल तर नाही. कच्चा काढलेला हापूस आढीत मऊ पडतो, पिकत नाही, आणि गिऱ्हाईक पुढच्या वर्षी फिरकत नाही. साधारण ८५ टक्के तयार झालेले फळ देठासकट, सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर काढायचे आणि लगेच सावलीत. तापलेल्या कातळावर ढीग करून ठेवला की साक्याला (गरातल्या पांढऱ्या, स्पंजासारख्या डागाला) आपणच आमंत्रण देतो.

वळवाची एक सर आंब्याला मारत नाही. मारते ते नंतरचे दमट आभाळ. फळावर करप्याचे काळे डाग, देठाकडून कूज, आणि फळमाशी. मेच्या मध्यानंतर रक्षक सापळे काढून ठेवणारे लोक मी पाहिलेत, नेमकी तेव्हाच त्यांची गरज असते. भिजलेला आंबा पेटीत भरू नका. पुसून, पंख्याखाली वाळवून भरा, आणि डाग दिसत असेल तर मनाची समजूत घालून कॅनिंगला द्या. पडलेला भाव बघवत नाही हे कबूल, पण कुजलेली पेटी परत आली की भाडेही अंगावर पडते.

वाळवणांचे काय? ऊन पुरेल का?

घाटावर दोन दिवसांत वाळते ते इथे चार दिवस घेते, कारण हवाच ओली. म्हणून मोठी वाळवणे मेच्या पहिल्या पंधरवड्यात. अडचण रातांब्यांची, म्हणजे कोकमाच्या फळांची. ते पिकतातच मेमध्ये, आणि सोलांना रस चोळून चोळून पाच-सहा उन्हे द्यावी लागतात. ज्या वर्षी पाऊस लवकर येतो, त्या वर्षी रातांबे झाडाखाली लाल चिखल होतात. मध्येच आभाळ आले तर सोलां मिठासकट बरणीत ठेवायची, ऊन परत आले की काढायची. आगळ (रातांब्यांचा मीठ घातलेला रस) करायचे असेल तर उन्हाचा प्रश्नच नाही, हा काकूंना मी दरवर्षी देतो तो सल्ला आणि दरवर्षी त्या ऐकत नाहीत.

आंब्याची साटे, फणसपोळी सकाळी नऊला बाहेर आणि दुपारी तीनला आत. घाटाकडे पहिला पांढरा ढग डोके वर काढतो, तीच आत नेण्याची वेळ. सुकटीचेही तसेच. एकदा भिजली की वास घरभर आणि माल कोंबड्यांना.

धूळवाफेची पेरणी कधी करावी?

धूळवाफ म्हणजे कोरड्या मातीतच भाताचे बी पेरणे. जमीन कोरडी आहे तोवर, आणि अंदाजात आठ-दहा दिवसांत समुद्रावरचा पाऊस दिसत असेल तर. वळवाच्या भरवशावर तरवा (भाताची रोपे) पेरू नका. एका सरीने बी रुजते आणि पुढच्या आठवड्याच्या उन्हाने करपते. २०२५ ला उलटी तऱ्हा झाली, मेमध्येच एवढा पाऊस की धूळ उरलीच नाही आणि वाफसा मिळेना. अशा वेळी रहू पद्धतीने, मोड आणलेले बी चिखलात फेकणे बरे.

दोन पाऊस पडले, विहिरीला पाणी का येत नाही?

जांभा दगड चाळणीसारखा. पहिले पाऊस वरची तहान भागवण्यातच जातात. टँकर बंद करायची घाई ग्रामपंचायतीने करू नये, एवढेच.

मे अखेरीस फिरायला यावे का?

या, पण काय मिळणार ते समजून या. जलक्रीडा आणि किल्ल्यांच्या प्रवासी होड्या साधारण २५-२६ मेच्या सुमारास बंद होतात, त्या ऑगस्ट संपेपर्यंत. सिंधुदुर्ग किल्ला बघायचा असेल तर त्याआधी. आंबोलीचे धबधबे हवे असतील तर अजून महिनाभर थांबा. तिथे वर्षाला सुमारे ७०० सेंटीमीटर पाऊस पडतो, पण मेमध्ये धबधब्याच्या जागी ओला कातळ दिसतो. घाटातून येणार असाल तर दुपारी दोनच्या आत खाली उतरा, संध्याकाळी आंबा घाट, कुंभार्ली, फोंडा सगळीकडे वळीव आणि पडलेल्या फांद्या. रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक जूनमध्ये लागते, २०२५ ला ते १५ जूनपासून होते, तोवर गाड्या नेहमीच्या वेळेला.

यंदा एल निनो आहे असे वाचले, म्हणजे आपल्याकडे दुष्काळ का?

खात्याचा एप्रिलमधला आणि मे अखेरचा मोसमी अंदाज मुख्यतः देशासाठी असतो. देशाची जून ते सप्टेंबरची सरासरी ८७ सेंटीमीटर, जवळपास तेवढा पाऊस आमच्याकडे एका जुलैत पडून जातो. समुद्रावरून येणारा वारा सह्याद्रीला धडकतो आणि इथेच रिकामा होतो. एल निनोने खंड लांबू शकतात, लावणी रखडू शकते, पण विदर्भ-मराठवाड्याची काळजी आणि कोकणची काळजी एका मापाने मोजू नका.

पावश्या ओरडतोय, काजवे दिसताहेत. पाऊस आला ना?

पावश्या मार्चपासून ओरडतो, त्याच्यावर विसंबू नका. काजवे वळवाच्या ओलीवरही चमकतात. नवरंग पक्षी मेच्या शेवटी रानात बोलू लागतो, त्याच्याबद्दल मला जरा जास्त आदर आहे. रोहिणी साधारण २५ मेला लागते, मिरग ७-८ जूनला, आणि सिंधुदुर्गात मिरगाला कोंबडा पडतोच, पाऊस असो वा नसो.

आमची आजी यातले काही बघत नसे. रात्री जेवणे झाली की पडवीत बसून विडी पेटवायची आणि धूर कुठे जातो ते बघायची. धूर समुद्राकडे गेला तर म्हणायची, अजून आसा उनाळो. ज्या रात्री तो घरात परत आला, त्या रात्री ती आम्हाला उठवून खळ्यातली लाकडे आत घ्यायला लावायची.